कोणती बाई?

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही. आईलाही नाही, मित्रांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही कधीतरी पेठ रोडच्या घाटातून मोटारसायकलवर गेला असाल, आणि चढाच्या त्या वळणाआधी कुणीतरी तुम्हालाही म्हणालं असेल — मागचे फूटरेस्ट मिटवून घ्या. मिटवलेत? का मिटवायचे ते विचारलंत? मी सांगतो. पण जरा फिरून सांगावं लागेल, एकदम तोंडातून निघत नाही.

आमचा पाडा घाटाच्या पलीकडे. पावसात भात आणि नागली, आणि दसरा झाला की गाव रिकामं. आई-बाबा द्राक्षबागांवर कामाला जायचे, कधी दिंडोरीकडे, कधी पिंपळगावकडे, आणि माल उतरेपर्यंत बागेच्या कडेला ताडपत्रीच्या शेडात राहायचे. बाकीची पोरं आईबापांबरोबर जायची. मी मागं राहायचो, कारण आत्यानं तसं ठरवलं होतं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, भागाबाई. नवरा लवकर गेला, पोरबाळ नाही, तेव्हापासून आमच्याच घरात. "ह्यो शिकंल," एवढंच ती म्हणायची, आणि बाबा तिच्यापुढं बोलत नसत. संपत आलेल्या नागलीच्या पिठात ती रानातली भाजी चिरून घालायची आणि मोठी भाकरी माझ्याकडे सरकवायची. मी खायचो. तिनं काय खाल्लं, हे मी कधी विचारलं नाही. लहान होतो — पण इतकाही लहान नव्हतो.

एकदा मला ताप चढला. अंग भाजत होतं, मी बरळायला लागलो. त्या दिवशी जीप नव्हती. आत्यानं मला लुगड्यानं पाठीशी बांधलं आणि घाटाकडे निघाली, नाशिकला दवाखान्यात न्यायला. चढाच्या वळणावर वाघदेवाचा शेंदूर लावलेला दगड आहे, तिथं ती थांबली. आमच्याकडचे सगळे तिथंच थांबतात, म्हणजे थांबायचे. तिथं वळणामुळे दोन्हीकडची गाडी हळू होते, हात केलेला दिसतो, आणि घाटात हात केला की थांबायचं, हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. थांबायचंच.

एक मोटारसायकलवाला थांबला. त्यानं न बघताच टाच मागं नेली आणि टक् करून मागचा फूटरेस्ट खाली पाडला. दुसऱ्या टाचेनं दुसरा. "बसा मावशी." आत्या गाडीवर कधी बसलेली नव्हती, पुरुषासारखी दोन्हीकडे पाय टाकून बसली. मी दोघांच्या मध्ये. पुढं त्या अनोळखी माणसाची ओली पाठ, मागं आत्याची छाती, खाली इंजिनाची थरथर. तापात मला वाटलं, आपण कुठल्यातरी जनावरावर बसलोय आणि ते आपल्याला वाचवतंय. आत्याची पोटरी सायलेन्सरला लागून भाजली. ती नाशिक येईपर्यंत बोलली नाही — गाडी थांबली तर? त्याचा गोल डाग तिच्या पायावर कायम राहिला.

गाडीचं वेड मला तिथून लागलं.

शिकलो मी. आश्रमशाळा, मग नाशिकला होस्टेल, मग बी.कॉम. आमच्या पाड्यावर माझ्या आधी कुणी पदवी घेतली नव्हती. हे मी मिरवतो, आणि का मिरवू नये? तिथंच अंबडला एका कारखान्यात स्टोअरला लागलो. तिथं मला कुणी नामदेव म्हणत नसे, सगळे एन. डी. म्हणायचे. मला आवडायचं ते. एन. डी. म्हटलं की नागलीचं पीठ दिसत नाही, ताडपत्री दिसत नाही.

मग गाडी घेतली. शंभर सीसीची, जुनी, काळी, टाकीवर लाल पट्टा. थंडीत सकाळी चोक ओढून किका मारायच्या. तीन मारल्या तरी ती नुसती खोकायची, आणि चौथ्या किकेला धरली की शेजाऱ्यांकडे असं बघायचो, जणू पोरगं पहिल्यांदा चाललं. पावसात प्लगमध्ये पाणी जायचं, चेन सैल पडून कुरकुरायची, पेट्रोलचा काटा कायम खोटं बोलायचा. ढकलत नेलीय मी तिला, शिव्या घातल्यात. पण घाटात — तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर टाकलं, गाडी वळणात कलली, आणि तिचा आवाज कड्याला आपटून परत आपल्याच कानात आला, की वाटायचं हा रस्ता आपलाच आहे. ज्या रस्त्यानं आपल्याला पाठीवर बांधून नेलं, त्याच रस्त्यावर आता आपण मुठीत जोर धरून चाललोय. सांगा, याला गर्व म्हणायचं की आनंद? मला फरक कधी कळला नाही.

आता त्या दिवसाकडे येतो.

श्रावण होता, दुपारची वेळ, आणि घाटात धुकं इतकं की दहा पावलांपलीकडचं दिसू नये. माझ्यामागं दुसऱ्या गाडीवर नितीन होता. कारखान्यात बरोबर काम करायचा, कॉलेज रोडचा, चांगल्या घरचा. त्याला घाटातलं धुकं बघायचं होतं. वरच्या टपरीवर चहा घ्यायचा, मग तो परत आणि मी घरी, असं ठरलेलं.

वळण आलं. गाडी हळू झाली. धुक्यातून एक हात वर आला.

आत्या होती. आठवडे बाजाराहून येत होती. भरल्या जीपवाल्यानं तिला घेतलं नसणार, म्हणून इथवर चालत आली असणार. कपाळावर गोंदण, गुडघ्यापर्यंत लुगडं, अनवाणी, डोक्यावर पाटी. पाटीत सुकट — वास धुक्यातूनही आला. तिनं मला ओळखलं आणि हसली. "नाम्याऽऽ! ए नाम्या!"

माझी टाच आपोआप मागं गेली. टक्. डावा फूटरेस्ट खाली पडला.

आणि मी आरशात बघितलं. आरशात नितीनचा दिवा होता, पिवळा, जवळ येत चाललेला. वाटलं, आता तो बघणार. ही अशी बाई माझ्या मागं बसणार, ती पाटी माझ्या सीटवर, आणि हा विचारणार, कोण रे? मी एवढा विचार केला का? नाही. एवढा वेळच नव्हता. पण मूठ मीच पिळली, दुसऱ्या कुणी नाही. गाडी पुढं निघाली. मागून तिची हाक आली, मग आणखी एक, मग धुक्यानं ती गिळली.

टपरीवर नितीननं हेल्मेट काढलं आणि विचारलं, "अरे, ती बाई तुला हाक मारत होती. ओळखीची होती का?"

इथं तरी मला खरं बोलता आलं असतं. परत जाऊन आणता आलं असतं. वळण हाकेवर होतं.

मी म्हणालो, "कोणती बाई?"

"अरे, वळणावर! डोक्यावर पाटी. तुझं नाव घेत होती. नाम्या, नाम्या करून."

"वळणावर कुणी नव्हतं," मी म्हणालो. "आणि मला नाम्या कोण म्हणणार?"

नितीनचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. तो गंमत करणारा पोरगा, पण त्यानं कप बाकावर ठेवून दिला. "एन. डी., गाडी हळू झाली होती तुझी. आणि तुझा मागचा फूटरेस्ट — आपोआप उघडला. मी डोळ्यांनी बघितलं. मागं कुणी नसताना उघडला." आम्ही दोघांनी माझ्या गाडीकडं बघितलं. डावा फूटरेस्ट उघडाच होता, त्यावरून पाणी ठिबकत होतं. आणि खरं सांगतो, तो कुणी उघडला हे माहीत असूनही माझ्या अंगावर काटा आला.

टपरीवाला मध्ये पडला. "नामदेव शिकलेला माणूस हाय. तो म्हनतो बाई नव्हती, म्हंजे नव्हती. मग यांनी पाहिली ती कोन?" बाकावरची दोन पोरं चहा प्यायची थांबली. नितीन उठला, आपल्या गाडीशी गेला आणि वाकून मागचे दोन्ही फूटरेस्ट मिटवले. "आमच्याकडं बसायला जागा नाही बाबा," तो म्हणाला. हसण्यावारी न्यायला बघत होता, पण हसला कुणीच नाही. त्याच्यामागोमाग त्या दोन पोरांनीही आपल्या गाडीचे मिटवले.

अशी ती रीत सुरू झाली. माझ्यासमोर.

नितीन त्या वळणावरून परत जायला तयार होईना. मी त्याला हरसूलच्या रस्त्याला लावून दिलं, थोडं अंतर सोबतही गेलो, आणि तिकडून घरी आलो. आत्या माझ्यानंतर पोचली. पाय चिखलानं भरलेले, पाटी डोक्यावरच. दारातूनच म्हणाली, "का रं, गाडीच्या आवाजात हाक ऐकू नाय आली व्हय?" रागावलेली नव्हती. मला सुटायला वाट तिनंच काढून दिली होती — हो म्हणायचं होतं फक्त.

पण आई तिथं होती, बाबा होते, ताटात गरम भात होता. मी म्हणालो, "मी घाटातून आलोच नाही, आत्या. हरसूलकडून आलो."

तिचं हसू गेलं. पाटी उतरवायची राहिली. "मग त्यो कोन हुता? तुझंच त्वांड. तुझीच लाल पट्ट्याची गाडी." मग ती हळूच म्हणाली, "पाय ठेवायचं पाडलंन त्यानं. बस म्हनला असता तर मी बसले असते की रं."

एकाला सांगितलं, ती नव्हती. तिला सांगितलं, मी नव्हतो. मग त्या वळणावर होतं तरी कोण? तेव्हापासून तिथं काहीतरी आहे, ते याच रिकाम्या जागेतून आलं.

आमच्याकडे मानतात की जिवंत माणसाचं रूप रस्त्यावर दिसलं, तर त्या माणसावर घात असतो. आत्यानं ते मनाला लावून घेतलं. दर अवसेला ती सकाळी उठून वळणावर जायला लागली. वाघदेवाला नारळ, भाकरीचा उतारा, आणि मग तिथंच उभी राहायची उन्हं उतरेपर्यंत. का? तर ते पुन्हा आलं तर तिनं बघावं, तिनं अडवावं, त्यानं मला गाठू नये. धुक्यातून गाडी आली की ती पुढं व्हायची आणि हेल्मेटच्या आत बघायचा प्रयत्न करायची. "नाम्या का रं? नाम्याच हाय का तू?"

आता तुम्हीच बघा, गाडीवरच्या माणसाला काय दिसत असेल.

पुढं ती गोष्ट माझ्याकडं परत यायला लागली. नाशिकला पंक्चरच्या दुकानात एक कॉलेजचं पोरगं मलाच सांगत होतं — "दादा, घाटात अवसेला बाई येते. नाव विचारते. सुकटीचा वास आला की समजायचं." सुकटीचा वास! नितीनला मी वासाचं काही बोललो नव्हतो. कुणालाच बोललो नव्हतो. हा वास त्यांना येत होता, कारण ती खरंच तिथं होती, बाजाराच्या त्याच पाटीत उतारा घेऊन. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्यातलं कुणीच खोटं बोलत नव्हतं.

हळूहळू लोकांनी त्या वळणावर हात करणं सोडलं. केला तरी कुणी थांबेना. आमच्या पाड्याच्या बायका, कामाला निघालेली माणसं, सगळी घाट चालत चढून टपरीपर्यंत जायला लागली. चार पोरांबरोबर जाताना मीही वाकायचो आणि फूटरेस्ट मिटवायचो. न मिटवावा तर कुणी विचारलं असतं, का रे, तुला भीती वाटत नाही?

आई फोनवर म्हणायची, "तिला समजाव. तुझंच ऐकंल." मी समजावलं. काय समजावलं? ओसरीवर बसवून मी तिला म्हणालो की, आत्या, या सगळ्या अंधश्रद्धा आहेत, भूत वगैरे काही नसतं, डोळ्यांना भास होतो, धुक्यात उजेड फाकतो. शिकलेल्या माणसासारखं बोललो, मुद्देसूद. ती कान देऊन ऐकत होती, तोंडावर कौतुक — ह्यो शिकलाय, कसा बोलतोय. शेवटी म्हणाली, "तू म्हनतो ते खरंच असंल. पन मी पाहिलं ना रं बाबा." तिनं पाहिलं होतंच. एक वाक्य पुरे होतं. आत्या, तो मीच होतो. मी उजेडाबद्दल बोलत राहिलो.

ती वर्षानुवर्षं जात राहिली. मी लग्न केलं, बढती मिळाली, गाडी तीच ठेवली. आत्या अवसेला तिथं उभी राहायची हे मला माहीत होतं, नोकरीवर बसून माहीत होतं. बाहेर बघायचो, आज पाऊस आहे, आज ऊन आहे, आज ती तिथं आहे.

एका पावसाळ्यात, पोळ्याच्या दिवशी, वाघदेवाच्या दगडाशी शेवाळावरून तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. रस्त्याच्या कडेला आडवी पडून तिनं हात केला. सणाचा दिवस, गाड्यांची रांग होती. सगळ्या निघून गेल्या. थांबला तो भाजी खाली करून परत निघालेला गुजरातचा पिकअपवाला — त्याला ही गोष्ट कुणी सांगितलेली नव्हती.

दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसलो होतो. चादरीबाहेर पोटरी आली होती, त्यावर तो गोल डाग. ती म्हणाली, "लय गाड्या गेल्या रं. मी हाका मारल्या. पोरं वाकायची, पाय ठेवायचं मिटवायची आन् पळायची. का करत असतील तसं? तुला काय ठाव हाय का?"

मी म्हणालो, "नाही, आत्या."

"भ्याली असतील," ती म्हणाली. "त्यास्नी बी ते माझ्या मागं उभं दिसलं असंल." आणि माझा हात धरला. "तू जपून चालव."

ती त्या दवाखान्यातून परत आली नाही.

लोक म्हणतात, त्या वळणावर गाडीला मागं वजन येतं. माझं उलटं होतं. मी तिथं आलो की गाडी हलकी होते, अगदी अचानक, जणू इतका वेळ मागं बसलेलं कुणी उतरलं. डावा फूटरेस्ट तिथंच टक् करून खाली पडतो. मी स्प्रिंग बदलून घेतली. मेकॅनिकनं दोनदा दाबून दाखवलं, म्हणाला, साहेब, ही घट्ट आहे, आपोआप पडणार नाही. मी मान हलवली.

परवा, दुपारीच, धुक्यात, मी त्या वळणावर थांबलो. एक म्हातारा पोतं घेऊन चढ चढत होता. त्यानं हात केला नव्हता, मीच थांबलो. टाच मागं नेली, फूटरेस्ट पाडला, म्हणालो, "बसा बाबा, वरपर्यंत सोडतो."

तो जिथं होता तिथंच थिजला. माझ्या तोंडाकडं बघितलं नाही, फूटरेस्टकडं बघितलं. मग दोन्ही हात जोडले आणि कडेकडेनं, पाठ कड्याला लावून, माझ्यापासून लांब सरकत गेला. "जा बाबा तू तुझ्या वाटेनं," तो म्हणाला. "हितं थांबतो तो माणूस नसतो." आणि पोतं सावरत धुक्यात शिरला.



माझ्या घरातला, माझ्या पाड्यावरचा पहिला पदवीधर मी. त्या वळणावर आता कुणी थांबत नाही, आणि थांबलं तरी कुणी बसत नाही. हे मी केलं.